मागचा दोर

म्हाताऱ्याला कामावर सगळे ‘दुहेरी’ म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणाऱ्या, त्यांचे सांधे भरणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता. घराच्या दाराला दोन कड्या, खिशात दोन रुमाल, चष्मेही दोन आणि बुटाच्या नाडीला गाठीवर गाठ. बरोबरीचे लोक चेष्टा करत की सगळं दोन-दोन बाळगतो, देव मात्र याने एकही ठेवला नाही. यावर दुहेरी हसायचा. हातात घेऊन ओढून बघता येतं तेवढंच मी बाळगतो, म्हणायचा.

दोन दोरांचा नियम त्यानेच आपल्या मुलाला शिकवला होता. मुलगा आता त्याच कामावर होता आणि टोळी त्याच्या हाताखाली होती. नियम तसा सोपा. पुढच्या दोरावर माणूस बसतो, उतरतो, काम करतो. मागचा दोर शेजारून मोकळा सोडलेला असतो आणि त्यावर एक खटका माणसाबरोबर सरकत राहतो. पुढचा दोर तुटला तर हा खटका मागच्या दोराला चावतो आणि माणूस वाचतो. पण मागच्या दोरावर आपण होऊन भार टाकायचा नाही. नवीन माणूस हमखास तिथेच चुकतो. तो खाली बघतो, घाबरतो, आणि एकापेक्षा दोनावर बसलेलं बरं असं वाटून तो अंग मागच्या दोरावर टाकतो. खटका चावतो. मग त्या माणसाला ना वर जाता येतं, ना खाली येता येतं. सुटायचं तर पुढच्या दोरावर हातभर वर चढून भार काढावा लागतो, आणि घाबरलेल्याच्या अंगात तेवढं त्राण नसतं. अशा वेळी दुसऱ्या कोणीतरी वरून आपल्या दोराने उतरायचं, त्याला आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं आणि दोघांचं वजन आपल्या एकट्याच्या दोरावर घ्यायचं. दुहेरीने अशी कितीतरी माणसं उतरवली होती. खाली आणल्यावर आधी पाणी पाजायचा आणि मग यथेच्छ शिव्या द्यायचा.

आता तो पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर पडून होता. छाती कामातून गेली होती. काचा धुवायच्या औषधाची वाफ जन्मभर ओढली, ती आता वसुलीला आली होती. डॉक्टरांनी मुलाला जिन्यात गाठून सांगितलं की आता औषधांचा उपयोग नाही, त्यांना त्रास होऊ नये एवढंच बघा. मुलगा तसाच जिन्यात उभा राहिला. वर यायला त्याला बराच वेळ लागला.

म्हातारा मात्र निवांत होता. हे कोणालाही पटलं नसतं, पण होता. दोन उशांना टेकून बसायचा, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या काचा बघायचा आणि कोणत्या टोळीने कुठे कामचुकारपणा केलाय ते सांगायचा. माझा जुना पट्टा भंगारात देऊ नकोस, आधी कापून टाक, नाहीतर कोणीतरी वापरेल आणि जिवाला मुकेल, हे त्याने मुलाला बजावून ठेवलं होतं. मरणाबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलत नसे. काम संपलं, आता खाली उतरायचं, अशा थाटात तो बोलायचा.

घरात तिसरी होती ती आत्या, म्हाताऱ्याची धाकटी बहीण. तिचा नवरा फार लवकर गेला, आणि वहिनी आजारी पडली तेव्हा ती मदतीला म्हणून आली ती इथलीच झाली. आत्या देवाची. रोज सकाळी चूल पेटायच्या आधी ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायची, डोळे मिटायची, ओठ हलत राहायचे. मग उठायची तेव्हा कोणाशी तरी पोटभर बोलून आल्यासारखी दिसायची. भाऊ तिला विचारायचा, काय धाकटे, माझं नाव सांगितलंस का वर? ती म्हणायची, सांगते रोज, पण तो म्हणतो या माणसाला मी ओळखत नाही. दोघं हसायची. वर्षानुवर्षं हा एकच विनोद चालला होता आणि दोघांनाही तो पुरत होता.

मुलाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तीही देवाची होती, आत्यापेक्षा कांकणभर जास्तच. तिच्या हाडांत रोग शिरला आणि तिने महिनोन् महिने सोसलं. शेवटी शेवटी ती अशी ओरडायची की शेजारचे खिडक्या लावून घेत. तेही बिचारे काय करणार. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी मुलगा भिंतीवर डोकं आपटत होता. बापाने त्याला धरलं, जिन्यात नेऊन बसवलं आणि म्हणाला, “हे कोणी केलेलं नाही रे. झालं. ऐकतोस ना? कोणी केलेलं नाही.” तेवढ्या एका वाक्यावर बापलेक पुन्हा उभे राहिले. राग धरायला कोणी नव्हतं, म्हणून राग हळूहळू विरून गेला. मुलगा पुढे ते वाक्य विसरला. तब्येत चांगली असली की माणूस आपल्या पायांना विसरतो, तसा विसरला.

बापाच्या शांतपणाची मुलालाच भीती वाटू लागली. हा असा रिकाम्या हातांनी कसा जाणार, हे एकच त्याच्या डोक्यात फिरत राही. कामावर लक्ष लागेना. कामावरच्या जोडीदाराने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं, आणि जोडीदार खांदे उडवून म्हणाला, मग एकदा नाव घ्यायला लाव की त्यांना. देव असला तर कल्याण झालं, नसला तर आपलं गेलं काय? मुलाला ते एकदम पटलं. त्याचा स्वतःचा देवावर विश्वास होता का? धड नव्हता. धड अविश्वासही नव्हता. पण घाबरलेल्या माणसाला असला व्यवहार फार लवकर पटतो.

संध्याकाळी त्याने विषय काढला. आत्या बाहेर गेली होती, तेही त्याने बघून ठेवलं होतं.

“बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, एका दोरावर कधी लटकायचं नाही?”

म्हाताऱ्याने मान हलवली. पोरगा कुठे चाललाय ते त्याला लगेच कळलं असावं, कारण त्याच्या डोळ्यांत हसू आलं.

“मग मागचा दोर बांधून ठेवू या की. देव नसला तर काही बिघडत नाही. पण असला तर?”

“असला,” म्हातारा दम घेत म्हणाला, “आणि त्याला कळलं की हा गडी घाबरून आलाय, तर?”

“तर समजून घेईल. देव आहे तो.”

“तू तर त्याला ओळखत असल्यासारखा बोलतोस.” म्हातारा हसला आणि त्या हसण्याने त्याला खोकला आला. मुलाने त्याची पाठ चोळली. पाठीची हाडं हाताला लागत होती. खोकला थांबल्यावर म्हातारा बराच वेळ पोराच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथे जी भीती होती ती त्याने आयुष्यभर नवशिक्यांच्या तोंडावर पाहिली होती.

“तुला बरं वाटेल का?”

“वाटेल.”

“मग बांध रे.”

शब्द मुलानेच जुळवले. तू असशील तर मला सांभाळ. म्हाताऱ्याने ते शहाण्या मुलासारखे म्हणून दाखवले, आणि मुलाच्या जिवात जीव आला. त्या दिवशी तो नीट जेवला. आपण बापासाठी काहीतरी केलं याचा त्याला आनंद झाला होता. खरं म्हणजे बापानेच त्याच्यासाठी केलं होतं.

सकाळी आत्या उठून पुढच्या खोलीत आली तसा म्हातारा तिला म्हणाला की काल मी तुझ्या साहेबाला हाक मारली हो. तिने हसून विचारलं, काय म्हणालास? त्याने सांगितलं. आत्याचं हसू गेलं. स्वयंपाकघरात भाच्याला गाठून तिने आवाज न चढवता फैलावर घेतलं. ‘असशील तर’ म्हणून कोणी आपल्या माणसाला हाक मारतं का, म्हणाली. तू असशील तर येईन, असं जो म्हणतो तो पाहुणा घरचा नसतो. आणि त्याला देव नको होता ना, मग कशाला गळ्यात मारलास? तो त्याच्या जागी सुखात होता. मुलगा म्हणाला, आत्या, तूच असं म्हणतेस? तोटा तर काही नाही ना? आत्याने हातातलं भांडं आपटलं आणि पाठ फिरवली. मुलाने ते हसण्यावारी नेलं. देवाची माणसं देवाच्या बाबतीत जरा हळवी असायचीच, असं त्याने स्वतःला समजावलं.

पण म्हातारा बदलला. आधी तो नुसता गप्प झाला. समोरच्या काचांकडे बघेनासा झाला. मग आत्याला अधूनमधून काहीबाही विचारू लागला. तुझ्या देवाला सगळं दिसतं का? सगळं म्हणजे घरातलंही? ऐकूही येतं? आत्या जपून उत्तरं द्यायची, पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. दिसतं रे दादा, ऐकूही येतं, म्हणायची. म्हातारा मान हलवायचा. जेवण सुटलं. दम आणखी लागू लागला. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले छाती आहे तशीच आहे, हे घाबरल्यामुळे होतंय. कशाला घाबरलेत ते?

एका दुपारी मुलगा त्याला पाणी पाजत होता. म्हाताऱ्याने भांडं बाजूला सारलं.

“तुझी आई रोज म्हणायची,” तो म्हणाला. “असशील तर वगैरे नाही. सरळ म्हणायची.”

“बाबा, ते आता कशाला?”

“ओरडायची तेव्हा त्याचंच नाव घेऊन ओरडायची. मी इथे उभा असायचो. मला वाटायचं, कोणी ऐकत नाही, तर आपण तरी ऐकावं. म्हणून मी खोलीतून हललो नाही.” त्याने दम घेतला. “आता तू म्हणतोस, असेल. म्हणजे तोही इथे होता. माझ्या शेजारी उभा राहून बघत होता. ज्याने हे बघितलं, त्याच्या हातात मी जायचं?”

मुलाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. जिन्यातलं ते वाक्य त्याला त्या क्षणी आठवलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याला लख्ख दिसलं. बाप रिकाम्या हातांचा नव्हताच. ‘कोणी केलेलं नाही’ हाच त्याचा पुढचा दोर होता, इतकी वर्षं तो त्यावरच बसला होता. आणि पोराने त्याला मागच्या दोरावर भार टाकायला लावला होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

त्याने घाईघाईने सगळं मागे घ्यायला सुरुवात केली. मी उगाच बोललो, बाबा. जोडीदाराचं ऐकून बोललो. कोणी नाही वर. सोडून द्या.

“कोणी नाही?”

“नाही.”

“खात्री आहे?”

मुलाने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण ज्याने ‘असला तर’वर सगळा डाव मांडला त्याच्याकडे खात्री कुठून असणार? म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत होता. समोरच्या गड्याने गाठ तपासली आहे की तपासली असं नुसतं सांगतोय, हे तोंडावरून ओळखण्यात त्याचा हातखंडा होता.

“अडकलो रे,” म्हातारा हळूच म्हणाला. “वर चढायला जोर नाही आता.”

मग तो रडला. मुलाने बापाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. रडण्यानेही त्याचा श्वास अडत होता. ओठ निळे पडू लागले. मुलगा त्याचे हात धरून बसला होता आणि त्या धरण्याचा काही म्हणजे काहीच उपयोग नव्हता.

आत्या दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. ती आत आली, भाच्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि खाटेच्या कडेवर बसली. भावाचं तोंड तिने दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं.

“दादा, माझ्याकडे बघ. वर कोणी नाही.”

म्हाताऱ्याचे डोळे तिच्यावर खिळले.

“तू म्हणतेस?”

“मी म्हणते. इतकी वर्षं रोज बसते मी भिंतीपुढे. मला माहीत नसणार तर कोणाला? भिंत आहे ती. दुसरं काही नाही.”

“मग तिच्या वेळी…”

“कोणी नव्हतं. कोणी बघत नव्हतं. तू होतास, मी होते, बस. कोणी केलं नाही दादा ते. झालं.”

तिचा आवाज कापला नाही. मुलगा तिच्या तोंडाकडे बघत होता, खोटेपणा शोधत होता, आणि त्याला तो सापडत नव्हता. म्हाताऱ्यालाही सापडला नाही. त्याने बराच वेळ शोधला असावा. मग त्याचे खांदे खाली आले, मुठी सुटल्या, श्वास हळूहळू लांब झाला. “झालं,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने त्याला झोप लागली. कितीतरी दिवसांनी तो असा झोपला होता.

त्यानंतर तो फार जगला नाही, पण जेवढा जगला तेवढा पूर्वीसारखा होता. समोरच्या इमारतीवरच्या गड्यांना खिडकीतून नावं ठेवली. पट्टा कापलास का, असं मुलाला विचारलं. मुलाने त्याच्यासमोर बसून कात्रीने पट्टा कापला, आणि म्हातारा समाधानाने बघत राहिला. बहिणीला मात्र त्याने तो जुना विनोद पुन्हा केला नाही. एका दुपारी आत्या त्याच्या उशा नीट करत होती तेव्हा तो गेला. ती तशीच त्याच्या डोक्याखाली हात घालून बसून राहिली.

लोक आले, भेटून गेले. शांतपणे गेले, नशीबवान होते, असं सगळे म्हणत. जोडीदाराने मुलाला बाजूला घेऊन विचारलं, नाव घेतलं होतं ना त्यांनी? मुलगा म्हणाला, घेतलं होतं. मग झालं तर, जोडीदार म्हणाला, आणि मुलाला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. पण त्याचा काय दोष? तो फक्त एक सोपी गोष्ट बोलला होता.

घरातली गर्दी ओसरल्यावर मुलाच्या लक्षात आलं की आत्या सकाळी उठते ती थेट चूल पेटवते. पहिल्या दिवशी त्याला वाटलं दमली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, दुःख आहे. पुढे त्याला कारणं सापडेनाशी झाली. भिंतीपुढची ती जागा तशीच मोकळी असायची आणि आत्या तिच्याकडे पाठ करून चहा गाळायची. तिचा चेहरा उतरून गेला होता. कोणाशीही बोलून न आलेल्या माणसासारखी ती दिसत होती.

शेवटी एका सकाळी, कामावर निघताना, पिशवीत दोर भरता भरता त्याने धीर केला. म्हणाला, आत्या, तू बाबांसाठी खोटं बोललीस. देव समजून घेईल. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की बापालाही आपण हेच म्हणालो होतो.

आत्याने गाळणी बाजूला ठेवली.

“नुसतं खोटं बोलले असते तर बरं होतं,” ती म्हणाली. “पण दादा ओळखायचा रे. नुसतं खोटं त्याला कळलं असतं. तेवढ्या वेळापुरतं मला खरंच तसं मानावं लागलं. वहिनीचं ओरडणं आठवलं, आणि मानता आलं. सोपं गेलं.” तिने पदराने हात पुसले. “ते आता निघत नाही. रोज उठते, वाटतं आज बसावं. बसले की समोर भिंत असते.”

मुलगा पिशवी खाली ठेवून तिच्याजवळ आला. त्याला कळत होतं की आता वरून कोणीतरी उतरायला हवं, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. तो खाली बसला, भिंतीकडे तोंड केलं, शेजारची जागा हाताने दाखवली.

“आत्या, ये. मी बसतो तुझ्याबरोबर. आपण दोघं मिळून म्हणू.”

“काय म्हणू?” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती. “असशील तर?”

त्याच्याकडे दुसरे शब्द नव्हते. तो थोडा वेळ तसाच भिंतीपुढे बसून राहिला. मागे आत्याने चहा दोन कपांत ओतला, त्याचा कप त्याच्या शेजारी जमिनीवर आणून ठेवला आणि आपला घेऊन ती पुढच्या खोलीत, रिकाम्या खाटेजवळ जाऊन बसली.